चर्रकन फाटलं म्हणजे कापड कच्चं असतं का?

मागच्या महिन्यात मावशीला परकरांसाठी पॉपलिन घ्यायचं होतं म्हणून तिच्याबरोबर इंदूरच्या शीतलामाता बाजारात गेले होते. दुकानदारानं ताका उलगडला, मीटरपट्टीनं मोजलं, काठाला कात्रीनं अर्ध्या इंचाची चीर दिली आणि दोन्ही हातात धरून चर्रकन फाडलं, या काठापासून त्या काठापर्यंत एका दमात, अगदी सरळ रेघेत. मावशीचा चेहरा पडला. मला कोपरानं ढोसून म्हणाली, "अगं हे तर कागदासारखं फाटलं, कच्चं दिसतंय, राहू दे." दुकानदारानं मराठी ऐकून ऐकून ओळखलं असणार, तो लगेच म्हणाला, "नहीं माताजी, माल पक्का है, तभी तो सीधा फटा."

मावशीला वाटलं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून बोलतोय. पण तो खरं बोलत होता, आणि का खरं बोलत होता ते तिथे दुकानात उभं राहून दोन मिनिटांत सांगता येण्यासारखं नव्हतं. मी टेक्स्टाइल शिकलेय, पीथमपूरला एका गारमेंट युनिटच्या टेस्टिंग लॅबमध्ये काम करते, दिवसभर कापड ओढायचं, फाडायचं, घासायचं आणि आकडे लिहायचे हेच माझं काम, त्यामुळे घरातल्या आणि कॉलनीतल्या सगळ्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात. हे टिकेल का, हे आटेल का, याला गोळे का आले, ब्लाउजची शिवण का उसवली. आणि सगळे एकच गोष्ट विचारतात, कॉटन आहे की पॉलिस्टर. धागा कसा बनलाय हे कोणीच विचारत नाही, आणि अर्धी उत्तरं तर तिथेच असतात. म्हणून म्हटलं एकदा निवांत लिहून काढू.

सुरुवात देवघरापासून करू. समईची वात वळताना आठवा. कापसाचा पुंजका घेतला आणि नुसता दोन्हीकडून ओढला तर तो काही तुटत नाही, तो सुटतो, तंतू एकमेकांवरून घसरून दोन पुंजके होतात. तोच कापूस थोडा लांब करून तळहातावर वळला की ओढून बघा, आता जोर लावावा लागतो. कापूस तोच, तंतू तेवढेच, मग ही ताकद आली कुठून? पिळातून आली. कापसाचा एक तंतू जेमतेम २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा, आणि त्यातून आपण किलोमीटरच्या किलोमीटर सूत काढतो, तर एवढे तोकडे तंतू एकमेकांना धरून कसे राहतात? पीळ दिला की बाहेरचे तंतू दोरीसारखे आतल्या तंतूंभोवती आवळले जातात, सूत ओढलं की ते आणखी आवळतात, दाब वाढला की घर्षण वाढतं आणि तंतूला घसरायला जागाच राहत नाही. म्हणजे जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. मला अजूनही याचं नवल वाटतं, कुठे गोंद नाही, गाठ नाही, नुसत्या पिळावर सगळं उभं आहे.

मग कोणी म्हणेल भरपूर पीळ द्या की, सूत लोखंडासारखं होईल. तसं होत नाही. पीळ वाढवत गेलं की ताकद वाढत वाढत एका ठिकाणी जाते आणि तिथून पुढे कमी व्हायला लागते. कारण पीळ वाढला की तंतू तिरके होतात. सूत सरळ ओढलं जातंय आणि तंतू तिरका उभा आहे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ताकदीचा सगळा भाग ओढीच्या कामी येत नाही. दोर ओढणारे दहा जण सगळे एका दिशेला ओढतायत आणि दहा जण बाजूला तिरके ओढतायत, फरक पडणारच ना. तर पिळाचं असं दुहेरी आहे, एकीकडे पकड वाढते, दुसरीकडे तंतू वाकडे होतात, आणि गिरणीतल्या माणसाचं कसब म्हणजे या दोन्हींच्या मधली जागा पकडणं.

आकडा सांगते म्हणजे अंदाज येईल. सुताला नंबर असतो, ज्याला बाजारात काउंट म्हणतात. ८४० यार्डांची एक लडी धरायची आणि एका पौंडात अशा किती लड्या बसतात तो नंबर. ४० नंबर म्हणजे एका पौंडात ४० लड्या, हिशेब केला तर ४५४ ग्रॅम सुताची लांबी ३० किलोमीटरच्या वर जाते, इंदूरहून महूला पोचून वर उरेल एवढी. म्हणून नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक, हे उलटं गणित पहिल्यांदा सगळ्यांना चकवतं. या ४० नंबरच्या सुतात कुठेही आडवं कापलं तर साधारण ८५ ते ९० तंतू सापडतात, ताण्यासाठी, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांसाठी, त्याला इंचाला साधारण २५ पीळ असतात, आणि असा एक धागा पाव किलोच्या आसपास वजन पेलतो. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, सुताला पीळ थोडा कमी ठेवतात, कारण मागावर सगळा ताण आणि फणीची घासाघीस ताण्याला सोसावी लागते, बाणा नुसता आडवा जाऊन बसतो. होजियरीच्या, म्हणजे बनियन-टीशर्टच्या सुताला आणखी कमी, म्हणून ते मऊ लागतं.

आणि दुसऱ्या टोकाला जॉर्जेट आणि क्रेप. त्यात पीळ मुद्दाम इतका जास्त भरतात की सूत वळवळायला लागतं, ढिलं सोडलं की स्वतःभोवतीच गुंडाळी करतं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते या सुताला शब्दशः लागू आहे. उजव्या पिळाचे आणि डाव्या पिळाचे धागे आळीपाळीनं विणायचे, मग कापड ओलं झालं की प्रत्येक धागा आपापल्या दिशेला उलगडू पाहतो, शेजारचा त्याला उलगडू देत नाही, आणि त्या झटापटीत कापडावर ती बारीक सुरकुती उठते. जॉर्जेटची साडी अंगावर चुरगळत का नाही आणि हाताला किंचित रवाळ का लागते, त्याचं कारण तो अडकून पडलेला पीळ.

आता सूत सगळीकडे सारखं नसतं हेही बघा. गौरी-गणपतीला आपण कापसाचं गेजवस्त्र करतो, थोडं फुगीर, मग बोटानं वळून बारीक, परत फुगीर, परत बारीक. ते दोन टोकांना धरून हळू ओढा. बघणाऱ्याला वाटतं बारीक जागी तुटेल, पण ते जवळजवळ नेहमी फुगीर जागीच सुटतं, कारण पीळ बारीक जागेत जाऊन बसलेला असतो आणि फुगीर जागेत तंतू मोकळेच असतात. सुतातही असंच होतं. पीळ आपणहून पातळ जागेकडे धावतो, जाड जागा पोचट राहते. आणि सूत म्हणजे साखळी, सगळ्यात कच्च्या कडीएवढीच तिची ताकद, त्यामुळे नुसती सरासरी ताकद चांगली असून भागत नाही, एकसारखेपणा लागतो. कोम्ड सूत महाग का, तर त्यात आखूड तंतू विंचरून काढून टाकलेले असतात, उरलेले लांब तंतू एकमेकांना लांबपर्यंत धरून राहतात आणि सूत एकसारखं निघतं.

सूत कोणत्या मशीनवर काढलं यानंही चेहरामोहरा बदलतो, आणि हे कापडावर कुठे लिहिलेलं नसतं. जुनी आणि अजूनही सगळ्यात जास्त मान असलेली पद्धत रिंगची. इंदूरच्या सगळ्या मोठ्या गिरण्या, मालवा, हुकुमचंद, राजकुमार, सगळीकडे रिंग फ्रेमच होत्या, आमचे आजोबा त्यातल्याच एका गिरणीत रिंग खात्यात होते आणि तुटलेला धागा चालत्या स्पिंडलवर कसा जोडायचे ते हातवारे करून दाखवायचे. रिंगच्या सुतात तंतू आतून बाहेर, बाहेरून आत असे फिरत राहतात, म्हणजे एकच तंतू कुठे सुताच्या पोटात असतो, कुठे पाठीवर, त्यामुळे सगळे एकमेकांत विणल्यासारखे होतात आणि ताकद चांगली येते. ओपन एंड सूत वेगळं. त्यात तंतू सुटे करून एका वेगानं फिरणाऱ्या वाटीत सोडतात, वाटी मिनिटाला लाखाच्या आसपास किंवा वर फिरते, तिच्या खाचेत तंतू थरावर थर बसतात आणि पीळ घेत बाहेर निघतात. काम झपाट्यानं होतं, सूत एकसारखंही असतं, पण तंतू तितके सरळ नसतात, आणि काही तंतू वरून नुसते पट्ट्यासारखे गुंडाळले जातात, म्हणून त्याच नंबरचं ओपन एंड सूत रिंगच्या सुतापेक्षा पंधरा-वीस टक्के तरी कमी ताकदीचं आणि हाताला थोडं राठ. पण ताणलं तर जास्त ताणतं आणि घासलं तर चांगलं टिकतं. म्हणून जीन्स, टॉवेल, जाड चादरींना ते छान चालतं. ओपन एंड म्हणजे हलकं असं जे लोक बोलतात ते मला पटत नाही, ज्या कामाचं त्या कामाला ते उत्तमच आहे.

ब्लाउजपीसचं 'टू बाय टू' तर सगळ्या बायकांना माहीत असतं, पण टू बाय टू म्हणजे काय विचारलं तर नव्वद टक्के जणी सांगतील "चांगल्यातलं". त्याचा अर्थ असा की ताणाही दोन पदरी आणि बाणाही दोन पदरी. दोन सुतं एकत्र घेऊन त्यांना मूळ पिळाच्या उलट दिशेनं पीळ द्यायचा. जानवं करताना हेच करतात, तीन पदरांना पीळ देऊन असे तीन घ्यायचे, नऊ सुतं, आणि उलटसुलट पिळानं ते असं शांत बसतं की हातातून सोडलं तरी गुंडाळी होत नाही. दोन पदर झाले की एका सुताची पातळ जागा दुसऱ्याच्या धडधाकट जागेजवळ येण्याची शक्यता जास्त, म्हणून एकूण सूत जास्त एकसारखं होतं. शिवाय उलट्या पिळामुळे वरचे तंतू धाग्याच्या दिशेला बऱ्यापैकी सरळ होतात, म्हणून चमक येते आणि मऊपणाही राहतो. रुबियाचं ब्लाउजपीस बारीक असूनही काखेत लवकर विरत नाही ते यामुळे.

इथपर्यंत झालं नुसत्या सुताचं. आता विणल्यावर काय होतं. घरातल्या कोणत्याही सुती कापडाच्या कडेचा एक धागा सुईनं हळूच काढा. तो सरळ नसतो, शेवयांसारखा नागमोडी असतो, कारण तो समोरच्या धाग्याच्या वरून-खालून गेलेला असतो. कापडात १० सेंटिमीटर दिसणारा धागा बाहेर काढून सरळ केला की साडेदहा-पावणेअकरा भरतो. ही जी जास्तीची लांबी धाग्यात दडलेली असते तिला आमच्याकडे क्रिंप म्हणतात, आणि कापडाच्या वागण्यातल्या अर्ध्या गोष्टी हिच्यावर ठरतात. कापड ओढलं की सुरुवातीला ते सहज लांबतं, तेव्हा तंतू अजून ताणलेच जात नसतात, नुसत्या त्या नागमोडी सरळ होत असतात. त्या संपल्या की एकदम कापड कडक होतं, मग खरी ओढ सुतावर येते. आणि गंमत बघा, ताणा सरळ झाला की बाण्याला जास्त वाकावं लागतं, कारण दोघांनी एकमेकांना मिठी मारलेली, म्हणून उभं ओढलेलं कापड आडवं आकसतं. हे सगळं भूमितीनं मांडता येतं हे एफ. टी. पीअर्स या संशोधकानं १९३७ मध्ये दाखवलं, धागा गोल, लवचीक, एवढं धरून त्यानं वर्तुळं आणि सरळ रेषा काढून समीकरणं मांडली, आणि आजही टेक्स्टाइलच्या मुलांना ती घोकावी लागतात. मी पण घोकलीयेत, आणि तेव्हा रडू आलं होतं, आता लॅबमध्ये रोज कामी येतात.

आणखी एक गोष्ट जी मला फार आवडते. सुती कापडाची एक इंच रुंद पट्टी घेतली, त्यात समजा १३३ धागे, प्रत्येकाची ताकद पाव किलोला थोडी कमी, म्हणजे हिशेबानं पट्टी बत्तीसेक किलोला तुटायला हवी. पण पुष्कळदा ती त्या बेरजेपेक्षा जास्त ओढ घेते. कारण विणीत प्रत्येक ठिकाणी आडवा धागा उभ्याला दाबून धरतो, आणि त्या दाबानं सुतातले मोकळे तंतूही जागच्या जागी पकडले जातात, म्हणजे जे काम पीळ करत होता ते थोडं वीणही करते. म्हणून कमी पिळाचं, सुटं असताना पोचट वाटणारं सूत घट्ट विणीत बसलं की अंगात आल्यासारखं मजबूत होतं.

आता येऊ त्या चर्रवर.

ओढणं आणि फाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मावशीची सगळी गडबड इथे झाली. त्या पॉपलिनचा पन्हा समजा ३६ इंच, इंचाला १३३ उभे धागे, म्हणजे जवळपास ४८०० धागे. ते सगळे एकदम धरून ओढून तोडायचे तर हजार किलोच्या वर जोर लागेल, एका छोट्या कारएवढा. दुकानदारानं ते दोन हातांनी केलं, कारण त्यानं ४८०० धागे एकदम तोडलेच नाहीत, एकेक करून तोडले. कात्रीच्या चिरेपाशी सगळा जोर पहिल्या धाग्यावर आला, तो तुटला, जोर पुढच्यावर, तो तुटला, पुढचा. तो चर्र आवाज म्हणजे हजारो धागे ओळीनं तुटण्याचा आवाज आहे. लाकडाची मोळी एकदम मोडत नाही पण काटक्या एकेक करून मोडता येतात, तसंच. फाडायला एक-दीड किलोचा जोर पुरतो आणि तीच इंचभर पट्टी ओढून तोडायला तीस किलो लागतात.

मग जीन्सचं कापड, मॅटीचं कापड असं का फाटत नाही? इथे मोकळीक कामी येते. चिरेच्या तोंडाशी एक छोटा त्रिकोण तयार होतो, तिथे धागे थोडे सरकू शकले तर ते एकत्र गोळा होतात, तीन-चार-पाच धागे मिळून ओढ घेतात, आणि मग फाडणाऱ्याला त्या पूर्ण जुडीशी लढावं लागतं. मॅटीत दोन-दोन धागे जोडीनं जातात, जीन्समध्ये ताण्याचा धागा तीन बाण्यांवरून जाऊन एकाखाली बुडी मारतो, म्हणजे पकडीच्या जागा कमी, सरकायला वाव जास्त, शिवाय सूत जाड. पॉपलिनमध्ये प्रत्येक धागा एक वर-एक खाली असा जखडलेला, आणि वरून घट्ट ठोकलेला, म्हणून तो शेजाऱ्याच्या मदतीला येऊच शकत नाही, एकटा पडतो आणि एकटाच तुटतो. म्हणजे जी घट्ट वीण ओढीला ताकद देते तीच वीण फाडायला सोपी. आणि सुतावर अवलंबून तर आहेच, गुळगुळीत सूत सरकतं म्हणून फाटायला जड, लव जास्त असलेलं सूत अडकतं म्हणून फाटायला सोपं. कडक खळ दिलेला कुर्ता खिळ्याला अडकला की टर्रकन जातो ना, आणि तोच कुर्ता बिनखळीचा असता तर वाचला असता, त्याचं कारण खळीनं सगळे धागे एकमेकांना चिकटवून टाकलेले असतात.

म्हणून दुकानदाराचं बरोबर होतं. सरळ फाटलं म्हणजे धागे एकसारखे आहेत, वीण काटकोनात आहे, ताका तिरका गुंडाळलेला नाही. वेडंवाकडं फाटलं असतं तर मी स्वतः घेऊ दिलं नसतं. कच्चं कापड ओळखायचं असेल तर दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड ताणायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं, धागे बाजूला होऊन फटी पडतायत का. आणि थोडंसं चोळून बघायचं, पांढरी पूड पडली की समजायचं सुतात दम नाही, खळीचा फुगवटा आहे.

खळीवरून आठवलं, कापड मऊ का लागतं तेही सुताच्या रचनेतच आहे. सुतातले ९० तंतू एकमेकांवरून थोडे सरकू शकतात, म्हणून सूत वाकवताना आपण ९० बारीक तंतू वेगवेगळे वाकवत असतो, आणि बारीक तंतू वाकवायला काहीच लागत नाही. तेच सगळे चिकटवून एक काडी केली तर साध्या हिशेबानं ९० पटीच्या ऐवजी ९० गुणिले ९० पट कडकपणा येतो. प्रत्यक्षात खळ इतकं पक्कं चिकटवत नाही, पण दिशा तीच. हे मोजायची युक्तीही त्या पीअर्सनंच १९३० मध्ये सांगितली आणि ती घरी करता येते. कापडाची एक इंच रुंद पट्टी टेबलावर ठेवा, वर फूटपट्टी ठेवून हळूहळू टेबलाच्या कडेबाहेर सरकवा, पट्टी आपल्या वजनानं झुकायला लागेल. लॅबमध्ये टोक साडेएकेचाळीस अंश खाली आलं की किती लांबी बाहेर आहे ते वाचतात. ओढणी दोन-अडीच सेंटिमीटरलाच मान टाकते, खळीचं कापड पार पुढे जाऊनही ताठ.

आटण्याचंही थोडक्यात सांगते. लोकांना वाटतं पाण्यानं धागा आखूड होतो. कापसाचा तंतू पाण्यात लांबीला जवळजवळ तेवढाच राहतो, फुगतो तो जाडीला. धागे जाड झाले की एकमेकांच्या वरून जायला जास्त लांबी लागते, ती आणणार कुठून, तर कापड आकसून. धागा तोच, नागमोडी वाढली. शिवाय मागावर आणि फिनिशिंगला जो ताण दिलेला असतो तो पाण्यात सुटतो. म्हणून शिवायच्या आधी कापड भिजवून वाळवून घ्या असं आपली आजी सांगायची ते शंभर टक्के बरोबर आहे.

रेयॉनच्या कुर्तीचं मात्र वेगळं दुखणं आहे. उज्जैनच्या पुढे नागद्याला १९५४ पासून व्हिस्कोस बनतंय, मध्य प्रदेशातल्या आपल्या लोकांना तो धागा परका नाही, मऊ, चमकदार, झुळझुळीत. पण कापूस ओला झाला की थोडा मजबूतच होतो आणि व्हिस्कोस ओला झाला की त्याची जवळपास अर्धी ताकद जाते. माझी स्वतःची एक कुर्ती पिळताना काखेपाशी गेली, आणि मी टेक्स्टाइलवाली. ती पिळायची नसते, नुसती दाबून पाणी काढायचं.

आणि शिवण उसवण्याचं. मामेबहिणीच्या लग्नात माझं रेशमी ब्लाउज जेवणाच्या पंगतीत बाजूनं उकललं, मी दुसऱ्या दिवशी टेलरशी तावातावानं बोलून आले. नंतर नीट बघितलं तर शिवणीचा दोरा अख्खा होता, कापडाचा धागाही तुटला नव्हता, नुसते धागे सरकून शिवणीशेजारी शिडीसारखी फट पडली होती. रेशीम म्हणजे अखंड गुळगुळीत धागा, पीळ फार नाही, वीण विरळ, मग तो शिवणीत धरून राहणार कसा. चूक टेलरची नव्हती. अशा कापडाला शिवणीत कापड जास्त सोडायचं, आत पातळ सुती अस्तर लावायचं आणि फिटिंग अंगाला चिकटलेलं ठेवायचं नाही. त्याची माफी मागितली मी, आणि आता तो मलाच कापड दाखवून विचारतो.

महेश्वरी साडीत मात्र रेशीम आणि सूत या दोन धाग्यांची जोडी फार विचारानं जमवलीय. इंदूरपासून नव्वदेक किलोमीटरवर अहिल्याबाईंनी ज्या गावाला विणकर वसवले तिथली ही साडी, ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. मागावर ताण सोसायचाय, फणीतून हजारो वेळा घासून जायचंय, तिथे अखंड बळकट रेशीम. आणि आडवं सूत, ज्याची लव रेशमाला धरून ठेवते, सरकू देत नाही, घाम टिपते, साडीला अंग देते. म्हणून महेश्वरी रेशमासारखी चमकते आणि सुतीसारखी नेसता येते, निऱ्या बसतात. फक्त पिन लावताना पदराचे चार पदर एकत्र घेऊन लावा, एकेरी पदराला लावलेली पिन म्हणजे आपणच कात्रीनं दिलेली चीर.

मावशीनं ते पॉपलिन घेतलं शेवटी. घरी येऊन भिजवलं, वाळवलं, आणि कापल्यावर उरलेला हातभर तुकडा घेऊन माझ्यासमोर बसली. आडवा फाडला, सरळ गेला. उभा फाडला, तो आणखी हलका गेला, कारण या बाजूला तुटणारे बाण्याचे धागे इंचाला कमी असतात. मग म्हणाली आता उरेब फाडून बघते, उरेब पट्टी लागतेच आहे गळ्याला. कोपऱ्यातून तिरकी चीर दिली आणि ओढलं, तर कापड आधी रबरासारखं लांबलं, चौकटी तिरक्या झाल्या, आणि दोन बोटं फाटल्यावर चीर आपणहून वळून सरळ धाग्याला लागली. तिनं परत केलं, परत वळली. "ही काही ऐकायची नाही," म्हणाली, आणि कात्री घेतली.